अमेरिकन मोटारी आणि युरोपची बाजारपेठ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरीवर विवेचन झाले, नाट्यसंगीतावर झाले, शिवकालीन दुर्गांवरही झाले. आता मोटारींवर, आणि त्याही अमेरिकन मोटारींच्या युरोपातील विक्रीवर, व्याख्यान ठेवण्याचे धाडस आपल्या कार्यकारिणीने केले आहे. याबद्दल तिचे अभिनंदन करावे की तिच्याविषयी सहानुभूती बाळगावी, हे आपण तासाभराने ठरवावे.

विषय आम्हांस सुचला तो एका मुलाच्या प्रश्नावरून. २०२५ सालच्या गणेशोत्सवात आरती आटोपून आम्ही मंडपात बसलो होतो. शेजारचा एक विद्यार्थी जवळ येऊन म्हणाला, “काका, अमेरिकेचे अध्यक्ष सारखे म्हणतात की युरोपवाले आमच्या गाड्या घेतच नाहीत. पण फोर्ड तर तिकडे घरोघर आहे असे पुस्तकात वाचले. मग खोटे कोण बोलते?” आम्ही त्याला प्रसाद दिला आणि उत्तर पुढच्या रविवारावर ढकलले. उभे आयुष्य या पोलादनगरीच्या आसपास बोल्टांना आटे पाडण्यात गेले. त्यांतील काही बोल्ट युरोपातील गाड्यांतही बसले. तरीही त्या मुलाला एका वाक्यात उत्तर देणे आम्हांस जमले नाही. खोटे कोणीच बोलत नव्हते, आणि खरी अडचण तेथेच होती.

प्रथम आयातकराची गोष्ट, कारण वर्तमानपत्रांतून तीच अधिक गाजली. अमेरिकेतून आलेल्या मोटारीवर युरोपीय संघ दीर्घकाळ दहा टक्के कर घेत असे. युरोपातून आलेल्या मोटारीवर अमेरिका घेत असे अवघा अडीच टक्के. अमेरिकेची तक्रार येथवर न्याय्य दिसते. परंतु मालवाहू छोट्या ट्रकवर आणि पिकअपवर अमेरिका स्वतः पंचवीस टक्के कर घेत आली आहे, आणि त्या कराचे मूळ कोंबडीत आहे! १९६२ साली युरोपच्या सामायिक बाजारपेठेने स्वस्त अमेरिकन कोंबड्यांवर जबर कर बसविला. पश्चिम जर्मनीत जाणारा अमेरिकन कोंबड्यांचा माल घसरला. त्याचे उट्टे म्हणून १९६३ च्या डिसेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या चार वस्तूंवर पंचवीस टक्के कर लावला. ट्रकवरचा रोख जर्मनीच्या फोक्सवॅगनवर होता. बाकीच्या वस्तूंवरचे कर पुढे उतरले. ट्रकवरचा तेवढा राहिला. या कराच्या आडोशाने अमेरिकन कंपन्या मोठमोठे पिकअप बनविण्यात निर्धास्त झाल्या, आणि जी गाडी त्यांना घरी सर्वाधिक नफा देऊ लागली तीच युरोपच्या गल्लीबोळांत शिरेना. कोंबडीचा सूड घेताना अमेरिकेने आपलेच नुकसान कसे करून घेतले, हे सांगावयास एक स्वतंत्र व्याख्यान लागेल.

तथापि केवळ दहा टक्क्यांनी कोणाची बाजारपेठ बुडत नाही. त्याहून पुष्कळ अवघड अडसर ओलांडून अमेरिकन मोटार एकेकाळी युरोपात खपली होती. त्यासाठी आपणांस १९११ सालच्या मँचेस्टरला जावे लागेल.

त्या वर्षी हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड पार्कमध्ये आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीची जुळणी सुरू केली. सुटे भाग जहाजाने यावयाचे आणि गाडी येथे उभी राहावयाची. दोन वर्षांत, म्हणजे १९१३ साली, वर्षाकाठी सहा हजारांहून अधिक गाड्या काढून फोर्ड ही ब्रिटनमधील सर्वांत मोठी मोटार बनविणारी कंपनी झाली. सरदार-जमीनदारांसाठी हाताने गाड्या घडविणाऱ्या इंग्रज कारखानदारांना हा अमेरिकन प्रकार फारसा रुचला नाही. पण डॉक्टर, दुकानदार, शेतकरी यांना तो रुचला, कारण गाडी स्वस्त होती आणि गावचा लोहारही ती दुरुस्त करू शके.

पुढे दोन गोष्टी घडल्या. १९१५ साली महायुद्धाच्या खर्चासाठी अर्थमंत्री मॅकेना यांनी आयात मोटारी, घड्याळे इत्यादी चैनीच्या मानलेल्या वस्तूंवर तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश टक्के जकात बसविली. युद्ध संपले तरी जकात काही गेली नाही. १९२४ साली थोडा काळ उठली आणि पुढच्याच वर्षी अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती पुन्हा बसविली. दुसरी गोष्ट अधिक गमतीची. १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवरचा वार्षिक कर अश्वशक्तीच्या हिशेबाने, दर अश्वशक्तीस एक पौंड असा, आकारला जाऊ लागला. पण ही अश्वशक्ती इंजिनाची खरी ताकद नव्हे! सिलिंडरच्या व्यासाचा इंचांत वर्ग करावयाचा, त्यास सिलिंडरांच्या संख्येने गुणावयाचे आणि अडीचने भागावयाचे. येईल ती अश्वशक्ती. दट्ट्या किती लांब धावतो याला त्यात स्थानच नव्हते. मॉडेल टीचा सिलिंडर पावणेचार इंचांचा आणि सिलिंडर चार. आपण घरी गणित करून पाहावे, साडेबावीस येतात. म्हणजे वर्षाला तेवीस पौंड कर. त्याच सुमारास निघालेल्या चिमुकल्या ऑस्टिन सेव्हनला आठ पौंड पुरत. परिणामी इंग्रज अभियंते अरुंद आणि उंच सिलिंडरांची इंजिने बनवू लागले, आणि रुंद छातीचे अमेरिकन इंजिन त्या देशात आपोआपच दंडास पात्र ठरले. १९२४ च्या सुमारास मॉरिसने फोर्डला विक्रीत मागे टाकले.

येथे आम्ही क्षणभर थांबू इच्छितो. “युरोपचे रस्ते अरुंद, पेट्रोल महाग, म्हणून अमेरिकन गाडी चालली नाही,” असे पुष्कळ लोक सहजपणे बोलून जातात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. रस्ते देवाने अरुंद केले असतील. सिलिंडरच्या व्यासावरचा कर सरकारने केला. प्रत्येक देशाने आपल्या कारखानदाराच्या मापाचे कुंपण घातले. फ्रान्समध्ये ‘करापुरते घोडे’ मोजण्याची निराळी पद्धत होती. इटलीत पुढे दोन लिटरहून मोठ्या पेट्रोल इंजिनाच्या गाडीवरील विक्रीकर नेहमीच्या दराच्या जवळजवळ दुप्पट ठेवला गेला. मोठे इंजिन म्हणजे ऐश, आणि ऐशीवर कर, हा विचार युरोपात इतका मुरला की ग्राहकाच्या आवडीनिवडीही त्याच साच्यात घडल्या.

या कुंपणासमोर दोन अमेरिकन कंपन्यांनी दोन निराळ्या वाटा धरल्या. जनरल मोटर्सने चालू कारखानेच विकत घेण्याचे ठरविले. १९२५ साली ऑस्टिनशी बोलणी फिसकटली, तेव्हा त्यांनी ल्यूटनची व्हॉक्सहॉल कंपनी सुमारे पंचवीस लाख डॉलरांना घेतली. ती त्या काळी वर्षाला दीड हजारांच्या आसपास गाड्या विकीत होती. १९२९ साली त्यांनी जर्मनीतील ओपेलचे ऐंशी टक्के भाग घेतले आणि १९३१ पर्यंत उरलेलेही. शिवणयंत्रांपासून सुरुवात केलेला हा रसेल्सहाइमचा कारखाना तेव्हा जर्मनीतील सर्वांत मोठा मोटारउत्पादक होता. गंमत अशी की सामान्य जर्मन ग्राहकाच्या लेखी ओपेल पुढची ऐंशीहून अधिक वर्षे जर्मनच राहिली. मालक डेट्रॉइटला बसतो हे त्याला ठाऊक असले तरी मनास शिवत नसे.

फोर्डने आपलेच नाव ठेवले, पण गाडी बदलली. लंडनजवळ टेम्सच्या काठी डॅगनहॅमचा प्रचंड कारखाना १९३१ साली सुरू झाला. जर्मनीत ऱ्हाइनकाठी कोलोनच्या कारखान्याची कोनशिला १९३० साली स्वतः हेन्री फोर्ड यांनी बसविली. त्या वेळी तेथील महापौर होते कोनराड आडेनॉवर, पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सलर झाले तेच. परंतु कारखाने उभे राहिले तेव्हा विकावयास योग्य गाडीच नव्हती! जगभर मंदी पसरलेली, आणि अमेरिकन मापाची गाडी घेणार कोण? तेव्हा डिअरबॉर्नच्या अभियंत्यांनी काही महिन्यांत एक लहानशी, आठ अश्वशक्तीची ‘मॉडेल वाय’ आखून दिली. १९३२ साली ती बाजारात आली आणि तिने डॅगनहॅम वाचविला. १९३५ साली तिची किंमत शंभर पौंडांवर आली. चार माणसांची बंद मोटार शंभर पौंडांत त्यापूर्वी ब्रिटनमध्ये कोणी दिली नव्हती. मॉडेल वाय अमेरिकेत आखली गेली, पण अमेरिकेत कधी विकली गेली नाही. पुढील सगळ्या इतिहासाची किल्ली येथे आहे, असे आमचे मत आहे.

हिटलरच्या राजवटीविषयी थोडक्यातच बोलतो. जर्मनीतील नफा बाहेर नेण्यास बंदी होती, म्हणून तो तेथेच गुंतत गेला. ओपेलच्या ट्रकांवर जर्मन सैन्य चालले आणि कोलोनच्या फोर्ड कारखान्यात वेठीस धरलेल्या परदेशी मजुरांकडून काम करून घेतले गेले. व्यापाराच्या इतिहासात हे पान गाळून पुढे जाणारे लेखक आम्हांस आवडत नाहीत.

युद्धानंतर खऱ्याखुऱ्या अमेरिकन गाड्या, म्हणजे तेथेच बनलेल्या आणि तेथल्याच लोकांसाठी आखलेल्या, युरोपात पाहावयास मिळत त्या सैनिकी तळांवर, वकिलातींच्या दारांत आणि नटनट्यांच्या छायाचित्रांत. १९५९ ची कॅडिलॅक सुमारे ५.७ मीटर लांब आणि दोन मीटरहून किंचित अधिक रुंद होती. तिचे इंजिन ६.४ लिटरचे. फोक्सवॅगनची ‘बीटल’ चार मीटरांच्या आसपास होती आणि तिला १.२ लिटरचे इंजिन पुरत असे. शिवाय युरोपजवळ डॉलर नव्हते. स्वित्झर्लंडसारख्या सधन, तटस्थ देशात मात्र चित्र निराळे होते. तेथील बील गावी १९३६ ते १९७५ पर्यंत जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना होता आणि तेथून शेवरोले, ब्यूइक बाहेर पडत. स्वीडनमध्ये तर अमेरिकन गाडीचे वेडच लागले. वापरलेल्या अजस्र गाड्या खेड्यापाड्यांतील तरुण मंडळी विकत घेऊन सजवीत आणि उन्हाळ्याच्या रात्री गावातून मिरवीत. व्हेस्टेरोस येथे १९७८ पासून भरू लागलेला अशा गाड्यांचा मेळा जगातील मोठ्या मेळ्यांत गणला गेला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची भावंडे लाखांच्या संख्येने अमेरिकेला गेली, त्या देशाला अमेरिकन गाडीची ओढ वाटावी यात आम्हांस तरी नवल वाटत नाही.

स्थलांतराची गोष्ट निघालीच आहे, तर आयर्लंडमधील कॉर्क शहराचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. हेन्री फोर्ड यांचे वडील कॉर्क परगण्यातून अमेरिकेस गेलेले. मुलाने १९१७ साली कॉर्कमध्ये ट्रॅक्टरचा कारखाना काढला. पुढे काम कमी पडले तेव्हा हजारो कॉर्ककर डॅगनहॅमला फोर्डच्याच नोकरीत गेले. सुट्टीत नवे कपडे घालून, खिसे खुळखुळवीत ते घरी आले की गावचे लोक त्यांना ‘डॅगनहॅमचे यांकी’ म्हणून चिडवीत. दिवाळीत गावी गेल्यावर आपणांपैकी किती जणांना ‘आले बघा टाटानगरवाले’ असे ऐकावे लागले आहे, ते हात वर करून सांगू नका; आम्हांस ठाऊक आहे. कॉर्कचा कारखाना १९८४ साली बंद झाला.

कोलोनमध्ये असेच तुर्की कामगार आले. १९७३ च्या ऑगस्टमध्ये तेथे मोठा संप झाला, कारण काय? उन्हाळ्याच्या सुट्टीला गावी गेलेले तुर्की कामगार हजारो किलोमीटरचा प्रवास करून उशिरा परतले आणि कंपनीने त्यांतील सुमारे तीनशे जणांना कामावरून काढले. संघटनेचाही आधार न घेता पट्ट्यावरचे लोक उठले. संप मोडला गेला. युरोपात खपलेल्या ‘अमेरिकन’ गाडीच्या दरवाज्याला बिजागरी बसविणारा माणूस अनातोलियाच्या खेड्यातला होता, ही गोष्ट विक्रीच्या आकडेवारीत कोठे दिसत नाही.

आता विक्रीकडे परत येऊ. १९६७ साली फोर्डने आपल्या इंग्रज आणि जर्मन शाखा जोडून ‘फोर्ड ऑफ युरोप’ उभी केली. एस्कॉर्ट, काप्री, आणि १९७६ साली स्पेनमधील व्हॅलेन्सियाजवळच्या नव्या कारखान्यासह आलेली फिएस्टा या गाड्या युरोपच्या मापाच्या, युरोपच्या करांत बसणाऱ्या आणि युरोपच्या घाटांत वळणाऱ्या होत्या. ब्रिटनमध्ये तर फोर्ड म्हणजे घरचीच गाडी झाली. मधल्या काळात डिअरबॉर्नला वाटले, आता एकच गाडी साऱ्या जगाला विकावी. १९८० च्या सुमारास आलेली एस्कॉर्ट अशी ‘जागतिक मोटार’ व्हावयाची होती. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांनी आपापल्या सोयीने इतके फेरफार केले की अमेरिकन एस्कॉर्ट आणि युरोपीय एस्कॉर्ट यांच्यात सारखे सुटे भाग बोटांवर मोजण्याइतकेच उरले. नाव एक, गाड्या दोन!

नावावरून आठवले. फोर्डची मस्टँग जर्मनीत मस्टँग म्हणून विकता येईना, कारण ते नाव क्रुप कंपनीने आपल्या ट्रकसाठी आधीच नोंदविलेले. म्हणून १९७९ पर्यंत ती तेथे ‘टी-५’ या रुक्ष नावाने विकली गेली. उमद्या रानघोड्याला तुरुंगातील कैद्यासारखा क्रमांक मिळाला.

क्रायस्लरची कथा अधिक करुण आहे. फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या चाळीस वर्षांनंतर या कंपनीला जाग आली. १९६३ साली फ्रान्सची सिम्का आणि १९६७ साली ब्रिटनची रूट्स हाती घेतली. एकाची घडण दुसऱ्याला जुळेना, स्कॉटलंडमधील लिनवुडचा कारखाना तोट्यात, ब्रिटिश सरकारकडून १९७५ साली मदत घ्यावी लागली. आणि १९७८ साली सगळा युरोपीय पसारा कर्जासह पूज्जोला देऊन कंपनी घरी परतली. लिनवुड १९८१ साली बंद झाले. पण पुढे हीच क्रायस्लर शहाणी होऊन आली. सात माणसांची व्हॉयेजर गाडी घेऊन ती परतली, तेव्हा इटलीतील चेंतो गावच्या कारखान्याचे डिझेल इंजिन तिने आपल्या गाडीत बसविले आणि १९९१ पासून ऑस्ट्रियातील ग्राझला तिचे उत्पादन सुरू केले. युरोपात एकेकाळी नव्या मोटारींपैकी निम्म्या डिझेलवर चालत. अमेरिकेत डिझेल म्हणजे ट्रकचे इंधन. ज्याने हे ओळखले त्याची गाडी खपली.

या संदर्भात आमच्या पदरी एक स्वतःचा अनुभव आहे, आणि तो फारसा भूषणावह नाही. एका कंपनीच्या युरोपातील कारखान्यासाठी आमच्या छोट्या कारखान्यास बोल्टांची मागणी मिळाली. गाडी मूळची अमेरिकेतील, तिचे युरोपासाठी रूपांतर चाललेले. पहिले ड्रॉइंग आले ते अमेरिकन मापांचे, आपल्या कारखान्यांत ज्याला ‘तीन सूत’ म्हणतात त्या आकाराचे, इंची आट्यांचे. मागाहून सुधारित ड्रॉइंग आले, त्यात दहा मिलिमीटर आणि मेट्रिक आटे होते. दोहोंतील अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी! सुधारित कागद आमच्या कचेरीत फाईलला लागला आणि माल पहिल्या ड्रॉइंगप्रमाणे तयार होऊन जहाजावर चढला. चार महिन्यांनी पेट्या जशाच्या तशा परत आल्या. वर जाण्यायेण्याचे भाडे आमच्या डोक्यावर. दोष सर्वस्वी आमचाच. त्या वर्षी कामगारांचा बोनस देण्यासाठी घरातील दागिने गहाण पडले, आणि सौ.नी त्याविषयी आजतागायत एक अक्षर काढले नाही, हे येथे सर्वांसमक्ष नमूद करतो. बोल्टाला अमेरिकन आटे असले तर तो युरोपच्या भोकात बसत नाही, हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही.

गाडीचेही तसेच आहे. अमेरिकेत कारखानदार स्वतःच लिहून देतो की माझी गाडी नियमांत बसते. सरकार मागाहून तपासते. युरोपात गाडी विकण्यापूर्वीच शासनमान्य संस्थेची मंजुरी लागते; दिव्यांवर, काचांवर वर्तुळातील ‘ई’ अक्षर आणि देशाचा क्रमांक पाहिला असेल आपण, जर्मनीचा १, फ्रान्सचा २. अमेरिकेत मागचा वळणदर्शक दिवा लाल चालतो, युरोपात तो पिवळसर नारिंगीच हवा. पुढच्या दिव्याचा झोत युरोपात वरच्या कडेने सुरीने कापल्यासारखा हवा, समोरच्याच्या डोळ्यांत जाता कामा नये. अमेरिकन झोत अधिक पसरट. ब्रिटन आणि आयर्लंडसाठी स्टिअरिंग उजवीकडे हवे. एकेक गोष्ट क्षुल्लक आहे. पण ज्या गाडीच्या वर्षाला चारदोन हजार प्रतीच विकावयाच्या, तिच्यासाठी हा खटाटोप कोण करणार? आणि खटाटोप केला नाही म्हणून चारदोन हजारच विकल्या जाणार! मस्टँग १९६४ सालची, आणि कारखान्यातूनच उजव्या हाताची होऊन ती ब्रिटनला मिळाली २०१५ साली. मग तेथे ती चांगली खपली. पन्नास वर्षे ग्राहक नव्हते, असे आता कोण म्हणेल?

अर्थात युरोपसाठी म्हणून केलेले सर्वच फळाला येते असे नाही. कॅडिलॅकने २००६ च्या सुमारास ‘बीएलएस’ नावाची गाडी स्वीडनमधील साबच्या कारखान्यात, साबच्याच सांगाड्यावर, फिअॅटच्या डिझेल इंजिनाचीही सोय ठेवून काढली. माप युरोपचे, इंजिन युरोपचे, कारखाना युरोपचा. ती पडली. ज्याला कॅडिलॅक हवी त्याला ही कॅडिलॅक वाटेना, आणि ज्याला साब हवी तो साबच्या दुकानात गेला. शेवरोलेचे नाव २००५ पासून कोरियन देवू गाड्यांवर लावून पाहिले. २०१५ अखेर तेही दुकान युरोपातून उठले. पुरणपोळीत मैद्याऐवजी काय घालावे यावर आपल्या भगिनींत येथे मतभेद आहेत. पण पुरणच काढून टाकले तर तिला पुरणपोळी म्हणावयाचे की नाही, यावर ते नसावेत.

फोर्डने आणखी एक वाट चोखाळली, ती थेट आपल्या दारापर्यंत आली. उंची गाड्या आपल्या नावाने खपत नाहीत हे पाहून त्यांनी १९८९ साली जॅग्वार सुमारे अडीच अब्ज डॉलरांना आणि २००० साली लँड रोव्हर विकत घेतली. २००८ साली या दोन्ही मिळून २.३ अब्ज डॉलरांना टाटा मोटर्सने घेतल्या. या गावात १९५४ ते १९६९ पर्यंत ट्रकच्या तोंडावर जर्मन मर्सिडीजचा तारा झळकत असे, हे ज्यांनी पाहिले आहे असे काही वृद्ध या सभागृहात पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांनी २००८ सालची ती बातमी वाचून काय म्हटले, ते त्यांच्याच तोंडून ऐकावे.

जनरल मोटर्सची युरोपातील कहाणी २०१७ साली संपली. १९९९ नंतर तेथे वर्षाचा नफा म्हणून त्यांनी पाहिला नव्हता. अँटवर्पचा कारखाना २०१० अखेर बंद झाला. जुन्या कोळसाखाणीच्या जागी १९६२ साली उभा राहिलेला बोखुमचा २०१४ च्या डिसेंबरात. त्याच महिन्यात बेल्जियममधील हेंकचा फोर्ड कारखानाही थांबला आणि तेथे चार हजारांहून अधिक माणसे घरी बसली. २०१७ च्या मार्चमध्ये ओपेल-व्हॉक्सहॉल पूज्जोच्या कंपनीस विकल्याचे जाहीर झाले, आणि मे महिन्यात त्याच जनरल मोटर्सने भारतातील विक्री बंद करण्याचे ठरविले. पुण्याजवळच्या तळेगावचा कारखाना निर्यातीपुरता चालू राहून २०२० च्या अखेरीस थांबला. आपणांपैकी काहींचे भाचे-पुतणे तेथे होते. हीच कंपनी १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडू लागली होती. आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला प्रथम जोडल्या त्या क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ. मुंबईच्या टॅक्सीच्या रूपाने मात्र टिकली ती इटलीची फिअॅट.

फोर्डची फिएस्टा २०२३ च्या जुलैत कायमची बंद झाली. कोलोनमध्ये आता फोर्डच्या विद्युत मोटारी निघतात त्या फोक्सवॅगनकडून घेतलेल्या सांगाड्यावर. जीपचे मालक आता युरोपीय झाले आहेत, आणि २०२३ ची ‘युरोपातील सर्वोत्तम मोटार’ ठरलेली जीप अॅव्हेंजर पोलंडमध्ये बनते. अमेरिकेत ती विकली जात नाही. मॉडेल वायची आठवण झाली ना?

योगायोग असा की २०२३ साली युरोपात सर्वाधिक खपलेल्या गाडीचेही नाव ‘मॉडेल वाय’च होते, पण ती टेस्लाची. हा मान मिळविणारी ती पहिली विद्युत मोटार. परंतु युरोपात विकली गेलेली ती गाडी बर्लिनजवळच्या ग्रुनहाइडे येथे आणि शांघायला बनलेली होती. २०२५ साली टेस्लाची विक्री तेथे लक्षणीय घसरली. चिनी गाड्यांची चढाओढ हे एक कारण आणि मालकाचे राजकारण हे दुसरे.

राहता राहिला त्या मुलाचा प्रश्न. २०२५ च्या जुलैत अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्यात करार झाला. युरोपच्या मोटारींवर त्या वसंतात साडेसत्तावीस टक्क्यांपर्यंत चढविलेला अमेरिकन कर पंधरावर यावयाचा आणि अमेरिकन औद्योगिक मालावरील कर युरोपने काढावयाचा, असे ठरले. ऑगस्टच्या संयुक्त निवेदनात एकमेकांची मोटारविषयक मानके मान्य करण्याचाही मानस व्यक्त झाला. म्हणजे लाल दिव्याचा आणि झोताचा प्रश्न सुटू शकेल. पार्किंगच्या चौकटीत न मावणारा पिकअप मात्र तसाच उरेल. पुढच्या रविवारी तो मुलगा वही घेऊन आला, तेव्हा आम्ही त्याला एवढेच लिहून दिले: अमेरिकेतून जहाजात चढून मोटारी आजही युरोपास जातात. त्यांतील फार मोठा भाग साउथ कॅरोलायनातील स्पार्टनबर्गच्या कारखान्यातून निघून चार्ल्स्टन बंदरातून रवाना होतो. मोलाच्या हिशेबाने हा अमेरिकेतील सर्वांत मोठा मोटारनिर्यातदार कारखाना म्हणून वर्षानुवर्षे गणला गेला आहे. तो कारखाना बीएमडब्ल्यूचा आहे. मुलाने ते वाचले, पुन्हा वाचले आणि विचारले, “म्हणजे अमेरिकन गाडी जर्मन आहे?” आम्ही म्हणालो, “आणि तुझ्या पुस्तकातली जर्मन फोर्ड अमेरिकन.”

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे आणि स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास येऊ लागला आहे. प्रश्न असल्यास पंगतीत विचारावेत. नमस्कार.